डॉक्टर लुसी विल्स आणि पानातले औषध

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि कृष्णेच्या काठी वाढलेल्या मुलामुलींना शूरांच्या चरित्रांची वाण नाही. किल्ले आणि लढाया यांच्या कथा त्यांस आजीच्या मांडीवरच ऐकावयास मिळतात. त्या कथा ऐकाव्या, त्यांचा अभिमान बाळगावा, हे योग्यच होय. परंतु ज्या व्यक्तीचे सारे पराक्रम एका गरीब बाईच्या जेवणाच्या पानाभोवती घडले, तिचे चरित्रही आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात यावे असे आम्हांस फार दिवस वाटत आहे. म्हणून या अंकी आम्ही डॉक्टर लुसी विल्स या विदुषीचा परिचय करून देत आहो. आपण रोज जे खातो त्यातील कोणते द्रव्य शरीरात कोणते काम करते, हे शास्त्र गेल्या सव्वाशे वर्षांत उभे राहिले. आणि त्या शास्त्राचे एक महत्त्वाचे पान मुंबईच्या परळ भागात या बाईंनी लिहिले.

परळ म्हटले की आपल्या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्या माणसांच्या मनात गिरण्यांचे भोंगे वाजू लागतात. विल्सबाई मुंबईस आल्या तेव्हा सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. शिराळे, वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत असत. पाऊस हुलकावणी देई, जमिनीचे तुकडे पोट भरीत नसत, आणि मग घाटावरची माणसे रत्नागिरीकडच्या माणसांच्या जोडीने गिरणगावची वाट धरीत. गावाकडे मनिऑर्डर येई, तेव्हा पैसे मोजले जात. परंतु ते पैसे पाठविणारे कुटुंब चाळीच्या एका खोलीत काय खाऊन राहते, हे कोणी विचारीत नसे. तो प्रश्न समुद्रापलीकडून आलेल्या एका बाईने विचारला, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तिने तो सोडला नाही.

लुसी विल्स यांचा जन्म ता. १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरानजीक सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू होते. वडिलांचा विळे, कोयते अशा धारेच्या हत्यारांचा कारखाना होता आणि त्यांना शास्त्रीय विषयांची मनापासून आवड होती. आई एका डॉक्टरांची कन्या. थोरले बंधू पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. अशा घरात दगड, पाने, कीटक गोळा करून त्यांकडे न्याहाळून पाहण्याची सवय मुलांस न लागली तरच नवल. चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयात शिक्षण संपवून लुसी केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली, आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली तिने तेथील अभ्यास पुरा केला. येथे आमच्या विद्यार्थिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुली परीक्षेस बसत आणि उत्तीर्णही होत, तरी त्यांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी देण्यास केंब्रिज विद्यापीठ १९४८ सालापर्यंत राजी झाले नाही. ज्या देशाने आपल्याकडे विद्यापीठे स्थापिली, त्या देशातही स्त्रियांना विद्येचा मान सहजासहजी मिळाला नव्हता.

त्याच सुमारास घरावर दुःखे कोसळली. १९११ साली वडील वारले आणि पुढे दोन वर्षांत एक बहीणही गेली. यानंतर लुसीने सिंहलद्वीपाचा प्रवास केला, आणि १९१४ साली ती दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध पेटले. केपटाउन येथील रुग्णालयात तिने शुश्रूषेचे काम पत्करले. आजवर झाडापानांत रमलेले मन तेथे रुग्णांच्या खाटेपाशी येऊन थांबले. इंग्लंडात परतताच १९१५ च्या आरंभी तिने लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. हे विद्यालय १८७४ साली स्थापन झाले असून स्त्रियांना डॉक्टर करणारी त्या देशातील ती पहिली संस्था होय. आपल्याकडील बेने इस्रायल समाजातील डॉक्टर जेरुशा झिराड, ज्यांनी पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे वाहिली, त्याही याच विद्यालयाच्या विद्यार्थिनी. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लुसी विल्स डॉक्टर झाल्या. परंतु दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांच्या शरीरातील घडामोडींचा अभ्यास आरंभिला.

त्यांचे पुढील कार्य समजण्यासाठी आहारशास्त्राचे चार शब्द येथे सांगणे अवश्य आहे. आपल्या शरीरास लागणारी द्रव्ये स्थूलमानाने सहा प्रकारची आहेत. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांतील पिष्टमय पदार्थ कामाला शक्ती पुरवितात. तेल, तूप, शेंगदाणे यांतील स्निग्ध पदार्थ त्याहून अधिक शक्ती देतात आणि ती साठवूनही ठेवतात. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मांस, मासे यांतील प्रथिने शरीर बांधतात आणि झीज भरून काढतात. चुना, लोह, आयोडीन इत्यादी खनिजांपैकी कोणी हाडांना बळकटी आणते, कोणी रक्ताला. पाणी या सर्वांची वाहतूक करते. सहावा वर्ग जीवनसत्त्वांचा. ती इतकी थोडी लागतात की दिवसाची गरज नखावर मावेल. परंतु ती न मिळाली तर बाकीचे सारे अन्न मिळूनही शरीर खचते. घराच्या बांधकामावर विटा, चुना, पाणी सर्व येऊन पडावे आणि गवंडीच न यावा, तसा हा प्रकार. विल्सबाई डॉक्टर झाल्या तेव्हा या वर्गाची ओळख नुकतीच होऊ लागली होती. ब जीवनसत्त्व हे एक नसून त्याचे मोठे कुटुंब आहे, एवढेच हळूहळू कळत होते. त्या कुटुंबात माणसे किती, हे कोणासच ठाऊक नव्हते.

इकडे भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या डॉक्टर मार्गारेट बालफोर यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले, आणि भारतीय संशोधन निधी संस्थेने, म्हणजे आजच्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पूर्वावताराने, चौकशी करण्याचे ठरविले. गरोदरपणात काही स्त्रियांना एक विलक्षण रक्तक्षय होत असे. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, जिना चढता चढता धाप लागे आणि प्रसूतीच्या वेळी शरीरात सोसण्याचे त्राणच उरत नसे. सामान्य रक्तक्षयात लोहाच्या अभावी लाल पेशी लहान व फिकट होतात. या स्त्रियांच्या रक्तात उलट चित्र दिसे. पेशी संख्येने अगदी थोड्या, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह देऊन हा विकार हटत नसे. १९२८ साली विल्सबाई या कोड्याचा छडा लावण्यासाठी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. प्लेगची लस जेथे तयार झाली, त्याच संस्थेत आता बाळंतिणीच्या रक्ताचा शोध सुरू झाला.

या कामात मेहता आणि तळपदे या भारतीय सहकाऱ्यांचा हात होता आणि त्यांची नावे १९३० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांवर विल्सबाईंच्या नावासोबत छापलेली आहेत. पहिला संशय स्वाभाविकपणे जंतूंवर गेला. रोग म्हणजे जंतू, असा तो काळ होता. रक्त तपासले, मल तपासला. परंतु अपराधी सापडला नाही. तेव्हा विल्सबाईंनी सूक्ष्मदर्शकावरील दृष्टी काढून स्वयंपाकघराकडे वळविली. निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, किती खातात, कशा जागी राहतात, याची घरोघर चौकशी करण्यात आली. जसजशी टिपणे जमत गेली, तसतसे एक चित्र स्पष्ट होऊ लागले. हा विकार गरीब मुसलमान स्त्रियांत विशेष आढळे, आणि याच स्त्रियांच्या आहारात दूध, फळे व भाजीपाला यांचा तुटवडा सर्वांत अधिक होता. खात्यापित्या घरांत तो क्वचितच दिसे. म्हणजे रोगाने जात पाहिली नव्हती, धर्म पाहिला नव्हता. त्याने पान पाहिले होते. जेथे दारिद्र्याने पान आखडले होते, तेथे तो शिरला होता.

अंदाज कितीही पटला तरी पुराव्याविना तो मान्य करावयाचा नाही, हा शास्त्राचा नियम. विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना तसाच अपुरा आहार दिला. गाभण उंदरिणी रक्तक्षयाने खंगल्या आणि पिले होण्यापूर्वीच मेल्या. त्याच आहारात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यासाठी वापरतात ते ब जीवनसत्त्वांनी भरलेले किण्व, मिसळले की त्या वाचत. सिद्धांत हाती आला असे कोणासही वाटले असते. परंतु पुढील तपासात आढळले की त्या उंदरांच्या रक्तात उवांवाटे पसरणारा एक जंतू शिरला होता, आणि त्यांच्या रक्तक्षयात त्याचाही वाटा होता. साक्षीदारच संशयास्पद ठरला! दुसऱ्या कोणी ही अडचण झाकून ठेवली असती किंवा निराश होऊन काम सोडले असते. विल्सबाईंनी ती मांडली, उंदरांची साक्ष बाजूस ठेवली आणि माणसाशी अधिक जवळीक असलेल्या माकडांवर पुन्हा पहिल्यापासून प्रयोग आरंभिले.

या वर्षांत त्यांनी काही काळ नीलगिरीतील कुन्नूर येथेही काम केले. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांचे आहारसंशोधन जोरात चालू होते. देशातील निरनिराळ्या प्रांतांचे लोक जे खातात तेच उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घालून त्यांची वाढ व आरोग्य हे गृहस्थ ताडून पाहत. त्यांत शीख, पठाण, बंगाली, मद्रासी या आहारांबरोबर मराठ्यांच्या आहाराचाही एक गट होता. गव्हाची पोळी, दूध, डाळी आणि भाजी यांवर पोसलेला शीख आहाराचा गट सर्वांत सुदृढ निघाला. पोट भरणे निराळे आणि शरीर पोसणे निराळे, हा धडा त्या पिंजऱ्यांपुढे उभे राहणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नसे.

माकडांना मुंबईतील गरिबांसारखा आहार दिल्यावर त्यांनाही तोच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. आता कोणते द्रव्य दिले असता तो बरा होतो, हे पाहावयाचे होते. त्या वेळी विलायतेत मार्माइट नावाचा एक काळसर, खारट, चिकट पदार्थ डब्यांतून विकला जाई. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून तो काढतात आणि पावाला लावून खातात. औषध म्हणून त्याची कोणी गणना करीत नसे. स्वस्त मात्र होता. तो मार्माइट आजारी माकडाला दिला, आणि मरणाच्या वाटेवरचे ते जनावर सुधारू लागले. मग रुग्णालयातील गरोदर स्त्रियांनाही तो देण्यात आला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात कोवळ्या, नव्या लाल पेशी दिसू लागल्या. भूक परतली, धाप कमी झाली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ साली विल्सबाईंनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नल या प्रसिद्ध नियतकालिकात मांडले. मद्रास येथील स्त्रियांच्या रुग्णालयातही त्यांनी याच विकाराचा अभ्यास चालविला.

येथे त्यांची खरी कसोटी लागली. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी असाच दिसणारा दुसरा एक प्राणघातक रक्तक्षय प्राण्यांचे काळीज खाऊ घालून बरा केला होता आणि त्यांचा जगभर गौरव चालला होता. विल्सबाईंच्या रोग्यांनाही काळजाच्या साध्या अर्काने गुण येई. मग हे दोन्ही विकार एकच, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु तोच अर्क अधिक शुद्ध करून दिला की अमेरिकन विकारास तो लागू पडे आणि मुंबईच्या विकारास पडत नसे. अर्क शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते, त्यातच मुंबईच्या बायकांचे औषध होते! यावरून विल्सबाईंनी अनुमान काढले की रक्त घडविणारे, यीस्टमध्ये व काळजात असलेले, परंतु आजवर ओळखले न गेलेले एक निराळे द्रव्य असले पाहिजे. त्याचे रूप त्यांना दिसले नव्हते. तरी ते आहे, कोठे आहे, आणि काय करते, हे त्यांनी निश्चित केले. पुढे बरीच वर्षे शास्त्रज्ञ या अनामिक द्रव्याला विल्सबाईंच्याच नावाने ओळखीत.

नाव मिळाले ते १९४१ साली. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स या शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालक घेऊन त्यातून हे द्रव्य चिमूटभर वेगळे केले. पालकाच्या पानांतून मिळाले म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्यास फॉलिक अॅसिड हे नाव दिले. आपल्या भाषेत पान म्हणजे झाडाचे पान, आणि पान म्हणजे जेवणाचे वाढलेले ताटही. ज्याची उणीव गरिबाच्या पानात सापडली, ते हिरव्या पानात निघाले; मराठी माणसाला तरी हे नाव विसरता येऊ नये. १९४५ साली लेडर्ली या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनविभागाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या चाळीत उपस्थित झालेल्या प्रश्नाचे अखेरचे उत्तर एका भारतीयाच्या देखरेखीखाली लिहिले जावे, हा योग मोठा सुंदर होय.

हे द्रव्य करते तरी काय? आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, आणि एका पेशीच्या दोन होताना तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याची हुबेहूब प्रत तयार व्हावी लागते. त्या प्रतीची सामग्री जुळविण्यास फॉलिक अॅसिड लागते. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडत असतात. फॉलिक अॅसिड अपुरे पडले की पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. त्या मोठ्या होतात आणि थोड्या राहतात. विल्सबाईंनी परळला सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले चित्र ते हेच. गरोदरपणात तर आईच्या शरीरात नव्या जिवाची रचना चालू असल्याने गरज फार वाढते. घरात पाहुणा आला आणि शिधा वाढला नाही, तर उपास यजमानाला घडतो. तशी त्या मातेची स्थिती होते.

विल्सबाई १९३३ साली इंग्लंडात परतल्या आणि रॉयल फ्री रुग्णालयात पूर्ववत काम करू लागल्या. १९३७ च्या अखेरीस त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने कराचीपर्यंत आणि तेथून बोटीने पुन्हा मुंबईस आल्या व काही आठवडे हाफकिनमध्ये राहून त्यांनी आपले काम पुढे नेले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना त्या रुग्णालयातील विकृतिशास्त्राचे काम सांभाळीत होत्या, आणि रक्तविकारांचा स्वतंत्र विभाग तेथे त्यांनीच उभा केला. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार व रक्तक्षय यांचा अभ्यास चालूच ठेवला. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षातर्फे त्या नगरसेविकाही होत्या. राहणी साधी, मोठमोठे डॉक्टर मोटारीतून येत, तेव्हा या बाई सायकलीवरून कामावर येत. त्यांनी विवाह केला नाही. ता. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या शोधाचे पेटंट काढून धन जोडण्याचा प्रश्नच नव्हता. कारण त्यांचे औषध वाण्याच्या दुकानात मिळत होते.

त्यांच्या पश्चात या शोधाला आणखी एक फळ आले. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे सिद्ध झाले की गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास, ज्या मातांना आधी पाठीच्या कण्याचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांच्या पुढील अपत्यांत तो दोष ७२ टक्क्यांनी टळतो. गर्भाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो, म्हणजे बहुधा आईला चाहूल लागण्यापूर्वीच. म्हणून गरोदरपणात दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड लोहाबरोबर द्यावे, आणि त्याचा आरंभ शक्य तितक्या लवकर करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या अल्प द्रव्यावर एका मुलाचे उभे राहणे आणि चालणे अवलंबून असते.

आमच्या विद्यार्थ्यांना हा विषय दूरचा वाटू नये. शाळांतून आठवड्यास एकदा मुलामुलींना जी निळी गोळी देतात, तीत लोह आणि फॉलिक अॅसिड ही दोनच द्रव्ये आहेत. गरोदर स्त्रियांना आरोग्यकेंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीतही तीच. तोंड कडू होते, पोटात ढवळते, अशा सबबी सांगून ती गोळी खिडकीबाहेर टाकणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि शाळेच्या कुंड्यांतील माती उकरताना अशा गोळ्या आम्हांस मिळाल्याही आहेत. झाडांना तिची गरज नाही. ती स्वतःच हे द्रव्य तयार करतात. ते तयार करता येत नाही ते आपल्याला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या, आणि आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. या रक्तक्षयात लोहाची उणीव हे मोठे कारण असले तरी फॉलिक अॅसिड आणि बारावे ब जीवनसत्त्व यांची उणीवही त्यात असते. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर गोळी घेतली तर त्रास कमी होतो. वर लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास लोह अंगी लागते; चहा मात्र लगेच घेऊ नये, तो लोह अडवितो.

गोळी हा आधार आहे. अन्न हा पाया. आणि त्या पायासाठी सातारा-सांगलीच्या माणसाने परदेशी डबा आणावयास नको. मेथी, पालक, तांदुळजा, हरभऱ्याचा कोवळा पाला, रानातली घोळ, हरभरा, मटकी, चवळी, मूग, भुईमुगाच्या शेंगा, या सर्वांत हे पानातले द्रव्य आहे. माण-खटावच्या दुष्काळी शिवारातही मटकी पिकते. परंतु एक सावधगिरी पाहिजे. हे द्रव्य पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजविल्याने नासते. भाजी चिरून पाण्यात भिजत टाकणे, तासभर उकळणे आणि ते पाणी मोरीत ओतणे, ही रीत सोडावी. आधी धुवून मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून बेताची शिजवावी. दूध, अंडी, मासे यांतून बारावे ब जीवनसत्त्व मिळते. ते हिरव्या पाल्यात नसते, म्हणून दूधदुभतेही अजिबात न घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या चरित्रातील जी गोष्ट आम्हांस सर्वांहून मोलाची वाटते, ती शेवटी सांगतो. मुंबईत जो रोग होता, त्याचे औषध बाजारात होते, रानात होते, पुष्कळदा त्याच घराच्या चुलीवरही असेल. ते पोचत नव्हते ते घरच्या बाईच्या पानापर्यंत. आपल्या घरांत अजूनही पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि सर्वांचे झाल्यावर आई भांडी पुढे ओढून बसते. भाजीचे पातेले तोवर खरवडले गेलेले असते. ती भाकरी, चटणी आणि वर पाणी यांवर भागविते, आणि विचारल्यास भूक नव्हती असे सांगते. या रीतीत कोणाचा दुष्टपणा नसतो. कोणी पाहिलेले नसते, इतकेच. लुसी विल्स यांनी सारे आयुष्य जे केले ते दुसरे काय होते? त्यांनी एका बाईच्या पानात काय वाढले आहे ते वाकून पाहिले.

तेवढे पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही, आणि पदवीही लागत नाही. आमच्या वाचकांनी आज रात्री घरी जेवावयास बसताना भाजीचे पातेले रिकामे होण्यापूर्वी आईचे पान वाढून घ्यावे.